साडेत्रेचाळीस ब्रास

ऑगस्ट २०२४. रात्रीचे दोन वाजून गेले होते. खारेगावच्या घरात, बायकोची झोप मोडू नये म्हणून मोबाईलचा आवाज बंद करून, मी पॅरिस ऑलिम्पिकची पुरुषांची बीच व्हॉलीबॉलची फायनल बघत बसलो होतो. स्वीडन विरुद्ध जर्मनी. मागे दिव्यांनी लखलखलेला आयफेल टॉवर, त्याच्या पायथ्याशी बागेत उभं केलेलं तात्पुरतं स्टेडियम आणि मधोमध रेतीचा पिवळसर चौकोन. जग टॉवर बघत असणार. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की ही रेती किती ब्रास असेल?

रेतीच्या डेपोवर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. बीच व्हॉलीबॉलचं मैदान सोळा मीटर लांब, आठ मीटर रुंद. चारी बाजूंना किमान तीन मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे झालं बावीस बाय चौदा. रेतीचा थर कमीत कमी चाळीस सेंटिमीटर. एकूण एकशे तेवीस घनमीटर, आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास धरला तर साडेत्रेचाळीस ब्रास. दोन ब्रासच्या डंपरच्या बावीस खेपा. ऑलिम्पिकला मोकळी जागा याहून बरीच जास्त ठेवतात, तेव्हा आकडा आणखी चढणार, पण हिशेबाला सुरुवात म्हणून ठीक.

मी दादाला मेसेज टाकला, "४३.५ ब्रास." पुढेमागे काही नाही. तो ऐरोलीला राहतो, वय चोपन्न, सकाळी सहाला उठतो. वाटलं, उद्या बघेल.

अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. "ओली की सुकी?"

म्हणजे तोही जागाच होता.

या प्रश्नाचा अर्थ ज्यांनी रेती विकत घेतली आहे त्यांनाच कळेल. रेती जराशी ओलसर असली की फुगते. कणाकणाभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो आणि कण एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत. पाच-सहा टक्के ओल असली तरी माप पाव हिस्स्याने वाढू शकतं. गिऱ्हाईक गाडी मोजून घेतं, पैसे देतं, आठ दिवसांनी ढीग सुकून खाली बसतो आणि मग त्याला वाटतं रात्री कोणीतरी रेती चोरली. आमचे वडील, अण्णा, कितीही कडक असले तरी या बाबतीत अगदीच धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणणार नाही. तांदूळ नाही, रेतीच धुतलेली असायची, आणि धुतलेली म्हणून ओली.

कळव्याहून मुंब्र्याकडे स्लो लोकलने जाताना उजव्या हाताला पारसिकचा डोंगर सरकत असतो तेव्हा दुसऱ्या अंगाला खाडी दिसते. एके काळी तिथे काठाने रेतीचे ढीगच ढीग असायचे. म्हणून ते रेतीबंदर. आज नाव उरलंय. मी शाळेत होतो तेव्हा होड्या खाडीच्या मधोमध उभ्या राहायच्या, तळात बांबू रोवलेला असायचा आणि डुबीवाला त्या बांबूला धरून लोखंडी बादली घेऊन खाली जायचा. चार-पाच पुरुष खोल. खाली डोळे उघडून उपयोग नाही, खाडीचं पाणी म्हणजे चहा. हाताने चाचपून बादली भरायची, दोराला झटका द्यायचा, वरचा माणूस ओढायचा. झटका हीच भाषा. एक झटका म्हणजे ओढ. जास्त झटके आले की वरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. दिवसभर असं करून होडी भरत आली की तिचा काठ पाण्याला टेकायचा, आणि भरतीबरोबर ती डेपोला लागायची.

त्या डेपोवर आम्ही दोघं भाऊ व्हॉलीबॉल खेळायचो.

खरं तर आमचं व्हॉलीबॉल कळव्यातल्या मैदानावरचं, सहा-सहाचं, ठोकून टणक केलेल्या मातीवरचं. दादा स्मॅशर, म्हणजे फटका मारणारा. मी लिफ्टर, म्हणजे त्याला बॉल उचलून देणारा. मला उंची नव्हती, त्यामुळे माझ्या नशिबी लिफ्टिंगच होतं, पण ते मला आवडायचं. पावसाळ्यात मैदानात गुडघाभर पाणी साचलं की आम्ही डेपोवर यायचो, कारण रेतीत पाणी थांबत नाही. एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला उभा ट्रक, मधे मासेमारीचं टाकून दिलेलं जाळं. ट्रकच्या फाळक्यावर उंचीची खूण खडूने केलेली. तो ट्रक मधेच भाड्याला निघाला की मॅच संपली. बीच व्हॉलीबॉल नावाचा काही खेळ असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. बीचही माहीत नव्हता म्हणा. ठाण्याला खाडी आहे, चिखल आहे, खाजण आहे, पाय टाकावा असा किनारा नाही.

रेतीने पहिली शिकवण दादाला दिली. मैदानावर तो उडाला की कोपर जाळ्याच्या वर दिसायचं. रेतीत जेमतेम मनगट. पाय दाबला की जमीन उलट ढकलत नाही, खाली जाते. आपण जोर लावतो तो ती अर्धा गिळते. धावत येऊन उडायची सवय तिथे कामाची नाही. थांबून, दोन्ही पाय नीट रोवून, सरळ वर जावं लागतं. दादा चिडायचा. मला मात्र मजा यायची, कारण रेतीत सगळेच बुटके होतात.

मग १९९६ आलं. अटलांटा. बीच व्हॉलीबॉल पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये, आणि तेही समुद्रापासून लांब, बाहेरून रेती आणून केलेल्या खोट्या किनाऱ्यावर. आमच्याकडे टीव्हीसमोर बसण्याचं कारण लिअँडर पेस होता. मधेच कधीतरी काही मिनिटं या खेळाची दाखवली. रेती, जाळं आणि फक्त दोन-दोन माणसं. दादा ताडकन उठून बसला. "अरे, हे आपलंच आहे की!"

गुलाबी टोपी घातलेला एक पस्तिशीचा खेळाडू होता, कार्च किराय. १९८४ आणि १९८८ साली अमेरिकेच्या संघातून हॉलमधल्या व्हॉलीबॉलची दोन सुवर्णपदकं त्याने आधीच घेतलेली. अटलांटात केंट स्टेफिसच्या जोडीने रेतीवरचंही सुवर्ण घेतलं. दोन्हीकडे ऑलिम्पिक सुवर्ण असलेला आजवरचा तो एकटाच. त्याचे वडील हंगेरीतून पळून अमेरिकेत आलेले, स्वतः व्हॉलीबॉल खेळणारे, आणि अकराव्या वर्षी कार्च रेतीवरची पहिली स्पर्धा खेळला तो वडिलांचा जोडीदार म्हणून. हे मी पुष्कळ नंतर वाचलं आणि अण्णांना जाळ्याच्या आमच्या बाजूला उभं करून पाहिलं. जमलं नाही. अण्णा बॉलला "फुटबॉल" म्हणायचे आणि तो रेतीच्या ढिगात घुसला की फावडं घेऊन यायचे.

पण दादाने त्या काही मिनिटांत टिपलं ते वेगळंच. सर्व्हिस होण्याआधी जाळ्याजवळचा खेळाडू दोन्ही हात पाठीमागे नेतो आणि बोटं दाखवतो. मागच्या जोडीदाराला दिसावीत, समोरच्यांना दिसू नयेत अशी. कधी एक बोट, कधी दोन, कधी मूठ. दादा टीव्हीच्या काचेला नाक लावून बसला. एक बोट दाखवलं की तो साइडलाइनच्या कडेने येणारा फटका अडवायला उडतो. दोन बोटं म्हणजे तिरका. मूठ म्हणजे उडायचंच नाही, मागे सरकायचं. डावा हात समोरच्या डाव्या खेळाडूसाठी, उजवा उजव्यासाठी. आठवडाभर आम्ही डेपोवर पाठीमागे बोटं दाखवत हिंडत होतो. ड्रायव्हर लोकांना वाटलं पोरांचं काहीतरी बिनसलंय.

या बोटांबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथे आहे. सहा जणांच्या व्हॉलीबॉलमध्ये चुकीला जागा असते. तुझं सुटलं तर कोणीतरी असतोच. रेतीत एकशे अठ्ठावीस चौरस मीटरचं मैदान, त्यातलं निम्मं तुमचं, आणि ते राखायला दोघं. बदली खेळाडू नाही. एकाचा पाय मुरगळला की मॅच गेली. त्यात जाळ्यावर अडवताना, म्हणजे ब्लॉकला, बॉल लागला तर तोही तीन टचांपैकी एक धरतात, हॉलमधल्यासारखा सोडून देत नाहीत, म्हणजे पुढे दोनच उरतात. दोघांनी मिळून ते सगळं अंगण झाकायचं म्हटलं तर शक्यच नाही. म्हणून पुढचा माणूस आधीच कबूल करतो, की एवढं मी अडवतो. बोट दाखवतं ते अडवलेलं. मागच्याने वाचायचं असतं उरलेलं. एक बोट दिसलं की त्याने तिरक्या बाजूला जायचं, विचारत बसायचं नाही.

आणि बोट दाखवून शब्द फिरवायचा नाही. एकदा दादाने मूठ दाखवली आणि ऐन वेळी मोह होऊन उडाला. मी त्याच्या मागे राहायला हवं होतं की पुढे, कळायच्या आत बॉल माझ्या तोंडावर. ओठ फुटला. रेतीची चव तेव्हा कळली, खारट आणि थोडी लोखंडासारखी, पण लोखंडासारखी म्हणजे रक्ताचीही असेल.

त्याच्यापेक्षा मोठी चूक मी केली, ती मैदानाबाहेर. अण्णा थकले तसा डेपो आम्हा दोघांकडे आला. दादा खाडीवर, मालावर. मी वहीवर, वसुलीवर. एका बिल्डरला मी उधारीवर माल सोडत गेलो. माणूस गोड बोलायचा, चहा पाजायचा, पुढच्या सोमवारी पुढच्या सोमवारी करायचा. मी दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो ओरडला असता, आणि मला वाटत होतं मीच निस्तरेन. चेक परत आले तेव्हा आकडा इतका वाढला होता की होडीवाल्यांचे पैसे द्यायला वहिनीच्या पाटल्या गेल्या. त्या दिवशी दादा डेपोवरच्या खाटेवर बराच वेळ बसला आणि एवढंच म्हणाला, "निदान बोट तरी दाखवायचंस."

पुढे २०१०च्या सुमारास वाळूउपशावर कोर्टाची बंदी आली, तेव्हा आमच्याकडे बंद करायला फारसं काही शिल्लक नव्हतं. दादाने ऐरोलीत नोकरी धरली. मी इथेच राहिलो. ठाणे-बेलापूर रस्त्याने जायला फार तर अर्धा तास, पण सणावारी सोडलं तर जाणं-येणं नाही. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं.

ऑगस्ट २०१२च्या एका मध्यरात्री फोन वाजला. "टीव्ही लाव." लंडनची फायनल. हॉर्स गार्ड्स परेड, जिथे तेव्हा राणीसमोर घोडदळ संचलन करायचं, तिथे रेती ओतलेली. ब्राझीलचे अ‍ॅलिसन आणि इमॅन्युएल, समोर जर्मनीचे ब्रिंक आणि रेकरमन. इमॅन्युएल एकोणचाळीस वर्षांचा आणि त्याचं पाचवं ऑलिम्पिक. म्हणजे अटलांटापासून एकही चुकवलेलं नाही, २००४ला रिकार्डोबरोबर सुवर्ण, २००८ला ब्राँझ. आम्ही दोघं आपापल्या घरी, फोन कानाला लावून, बोलत नव्हतो फारसं. पहिला सेट जर्मनीने २३-२१ घेतला, दुसरा ब्राझीलने २१-१६, तिसरा पंधराचा असतो पण दोन गुणांची आघाडी लागते, तो गेला १६-१४ला जर्मनीकडे. इमॅन्युएलला रौप्य. शेवटचा बॉल पडल्यावर दादा म्हणाला, "जर्मनीत कुठे आलाय एवढा समुद्र." मी म्हटलं, "आपल्याकडे तरी कुठे होता." मग तो हसला. फोनवर त्याचं हसू ऐकून किती वर्षं झाली होती ते मी मोजलं नाही.

तेव्हापासून हा आमचा चार वर्षांनी येणारा सण. रिओला कोपाकबानाच्या किनाऱ्यावर भर पावसात अ‍ॅलिसन आणि ब्रुनो श्मिट जिंकले तेव्हा दादाचा एकच धोशा, "ओली रेती घट्ट असते, उडायला बरी." टोकियोत उन्हाने रेती इतकी तापली की सरावाच्या आधी पाइपने पाणी मारावं लागलं. त्यावर त्याचं म्हणणं, "माप वाढवतायत." तिथे सुवर्ण नॉर्वेच्या मोल आणि सोरुमने घेतलं, आणि ब्राँझ कतारला, त्यांच्या जोडीतला एक मूळचा सेनेगलचा, दुसरा गांबियाचा. आशियाई स्पर्धेचं २०१८चं सुवर्णही याच जोडीचं. अकरा हजार किलोमीटरचा समुद्रकिनारा असलेल्या आपल्या देशाची एकही जोडी अजून ऑलिम्पिकला पोचलेली नाही, आणि बर्फातले लोक येऊन रेतीवर पदकं घेऊन जातात. मला याचा राग येत नाही. नवल वाटतं.

पॅरिसच्या त्या रात्री मात्र मी लिफ्टर म्हणून जागा होतो. स्वीडनचे ओमान आणि हेल्विग, दोघांनी पंचविशीही गाठलेली नाही. या खेळात एक क्रूर गणित असतं. सर्व्हिस जो उचलतो त्यालाच तिसऱ्या टचला फटका मारावा लागतो, कारण मधला टच जोडीदाराचा. त्यामुळे समोरचे दोघांतला कच्चा हेरतात आणि बॉल त्याच्याकडेच घालत राहतात. उचल, धाव, उडी, पुन्हा उचल. पाय भरून येतात. जोडीदार शेजारी धडधाकट उभा, पण त्याला काही करता येत नाही. (आमच्याकडे पैसे मागायला येणारे नेहमी दादाकडेच जायचे, माझ्याकडे नाही. ते आठवलं.) या स्वीडिश पोरांनी ते गणितच मोडलं. दुसरा टच ते उडी मारून हवेत घेतात. तिथून लिफ्ट करायची की तिथेच समोर मारायचं, हे हाताला बॉल लागेपर्यंत कळत नाही. समोरचा ब्लॉकर उडू की नको करत अडकतो. जर्मनीचे एलर्स आणि विकलर काही साधे नव्हते, पण २१-१०, २१-१३ असा धुव्वा. लिफ्टर म्हणजे दुसऱ्याला ताट वाढून देणारा, ही माझी पंचवीस वर्षांची समजूत त्या रात्री गेली.

यंदा पुतणीने घोडबंदर रोडला एका मोठ्या संकुलात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गेलो. पुरणपोळ्या झाल्या, विडे झाले, आणि बाल्कनीतून खाली बघतो तर स्विमिंग पूलच्या पलीकडे जाळं बांधलेला रेतीचा चौकोन. माहितीपत्रकात त्याला 'बीच कोर्ट' म्हटलंय. पुतणी म्हणाली, "काका, तिथे कोणी खेळत नाही. मांजरांची सोय आहे ती."

आम्ही दोघं सदरा-लेंग्यातच उतरलो. दादाने चपला काढल्या, वाकून मूठभर रेती घेतली, दोन्ही तळहातांत चोळली आणि हात उलटे करून पाहिले. गाळ असला तर मातकट रंग चिकटून राहतो. हात स्वच्छ होते. मग त्याने अंगठ्याने तळहातावर चार कण पसरले आणि चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला.

"क्रश सँड आहे," तो म्हणाला. "प्लास्टरची."

बांधकामाला रेती लागते ती धारदार, कोनेरी. कण एकमेकांत अडकले पाहिजेत, तरच सिमेंट धरतं. मुठीत चुरली की कर्र आवाज आला पाहिजे. खेळायच्या रेतीचं उलटं. कण टोचणारे नकोत, घट्ट बसणारे नकोत, पाय पडला की बाजूला होणारे हवेत. खडा नको, शिंपला नको, धूळ नको. अण्णांनी ऑलिम्पिकची रेती डेपोवर उतरवूनसुद्धा घेतली नसती, आणि हिच्यावर ऑलिम्पिकवाल्यांनी पाय ठेवला नसता. थरही टिचभरच. दादाने टाच मारली तर खाली काँक्रीट लागलं. "वीस ब्रासपण नाहीये रे," तो म्हणाला, आणि बिल्डरांविषयी एक शब्द वापरला जो वास्तुशांतीच्या दिवशी वापरू नये.

सातवी-आठवीतली दोन मुलं बॉल घेऊन आली. वॉचमनने आम्हाला हटकलं, मुलांनीच त्याला परत पाठवलं. "काका, तुम्ही खेळता?" दादाने लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला.

पहिले चार बॉल आम्ही एकमेकांकडे बघत पडू दिले. पाचवा मी उचलला, बरा उचलला गेला, दादाने मोकळ्या जागेत प्लेसिंग केलं. उघड्या बोटांनी ढकललं, ते बीचवर चालत नाही, फाउल. मुलांना ते माहीत नव्हतं, आम्ही सांगितलं नाही. मग सर्व्हिस आमची. मी मागे, दादा जाळ्यापाशी. त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटलेला. त्याने डावा हात हळूच पाठीमागे नेला.

एक बोट. साइडलाइन तो घेणार. मी काही न बोलता तिरक्या बाजूची दोन पावलं मनात धरली आणि सर्व्हिस मारून तिकडे पळालो. पायाखाली रेती कचकचली, टाचेला काँक्रीट लागलं. फटका मात्र सरळ साइडलाइनच्या कडेने आला आणि रेषेच्या आत पडला. दादा जागचा हलला नव्हता.

"अरे, बोट दाखवलंस ना?"

"बोट कसलं," तो कंबरेत वाकून म्हणाला, "पाठीत उसण भरलीये. जरा दाब बघू इथे."